पाठमोरी खुर्ची

एका शहरात टेनिस शिकवणारे एक वृद्ध गुरू होते. शर्वरी ही त्यांची लाडकी शिष्या. ती प्रथम त्यांच्याकडे आली तेव्हा रॅकेट तिच्या कमरेपर्यंत पोहोचत असे. पुढे मुलींच्या गटात तिला हरवणारे देशात कोणी उरले नाही. तिचा खेळ दाखवायला लोक आपली मुले घेऊन येत.

तिला एक सवय होती. प्रत्येक गुणानंतर ती कडेला बसलेल्या सरांकडे पाही. सर किंचित मान हलवत, आणि तेव्हाच तो गुण खरा मिळाला असे तिला वाटे.

वय सरले, मुलींचा गट सुटला आणि ती मोठ्यांच्या व्यावसायिक स्पर्धांत उतरली. तिथे वेगळेच घडू लागले. ज्या फटक्यावर मुली जागच्या जागी थिजत, तोच फटका या बायका शांतपणे परतवत. शर्वरी प्रत्येक स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरू लागली. शेवटी एका सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती आईला म्हणाली, "उद्याही हरले ना, तर रॅकेट ठेवून देणार. कॉलेजला जाईन. सरांना मात्र यातलं काही सांगू नकोस."

"बरं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी समोर तिशी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली एक खेळाडू होती. पहिलाच सोपा चेंडू शर्वरीने जाळ्यात मारला आणि सवयीने कडेला पाहिले.

सरांनी आपली खुर्ची उलटी फिरवली होती. कोर्टाकडे पाठ करून ते समोरच्या कुंपणाकडे पाहत बसले होते.

मागच्या बाकावरचे एक गृहस्थ न राहवून म्हणाले, "अहो काका, कोर्ट इकडे आहे."

"ठाऊक आहे," सर म्हणाले आणि तसेच बसून राहिले.

दोन-चार जण हसले. शर्वरीचे कान तापले. प्रत्येक गुणानंतर तिची मान आपोआप वळे आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या सदऱ्याची पाठ तेवढी दिसे. पहिला सेट हातातून निसटला. विश्रांतीत तिने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला आणि आत मुकाट्याने रडली. सरांना आपली लाज वाटते. आपण निघून जाण्याआधी तेच निघून गेले.

दुसऱ्या सेटमध्ये मात्र मान वळेनाशी झाली, कारण तिकडे पाहण्यासारखे काही नव्हते. मग ती समोर पाहू लागली. समोरची बाई गुण संपला की गुडघ्यावर हात टेकून वाकत होती. तिलाही धाप लागत होती. चेंडू खांद्याच्या वर उसळला की तिचा बॅकहँड अडखळत होता. शर्वरी बॅकहँडवर उंच चेंडू टाकू लागली. दुसरा सेट तिने जिंकला. तिसरा अगदी टोकापर्यंत गेला आणि तिथे ती हरली.

कँटीनमध्ये सर चहा घेऊन बसले होते. ती आपला चहा घेऊन समोर जाऊन बसली.

"एवढी लाज वाटत होती, तर आलात कशाला?"

"लाज?" सर म्हणाले. "वेडी आहेस का? अगं, तुझा चेंडू जाळ्यात गेला की माझा चेहरा पडतो. तू लहान होतीस तेव्हा तुझ्या चुकाही लहान होत्या, मला चेहरा सांभाळता यायचा. आता तू मोठ्यांशी खेळतेस, आणि भीती मला वाटते. गेल्या सामन्यात मी नीट पाहिलं. तू चुकायचीस, माझ्याकडे पाहायचीस, आणि पुढचा फटका घाईने मारायचीस. तो फटका गुणासाठी नसायचा. या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून असायचा. पोरी, एका हाताने सामना खेळायचा आणि दुसऱ्याने माझी समजूत काढायची, हे कसं जमणार? माझी मान हलण्यावर तू मोठी झालीस, ते ठीकच झालं. पण यापुढे चांगलं काय नि वाईट काय, ते तुलाच पाहावं लागेल."

"मग मला सांगायचं ना, माझ्याकडे बघू नकोस म्हणून."

"सांगितलं असतं तर सगळा सामना तू न बघण्यात घालवला असतास."

तिला हसू आले. पण तिने ते दाबले. "मग घरी तरी बसायचं."

"बसवलं नाही," सर म्हणाले.

सरांनी कपातला चहा ढवळला. "कॉलेजात कुठले विषय घेणार?"

"आईने सांगितलंच."

"आईच ती. कधी ठरवायचं आहे?"

शर्वरी उत्तर देणार होती, पण तोंडून निघाले ते वेगळेच. "तिला उंच चेंडू चालत नाहीत, सर. पहिल्या सेटमध्ये मला ते दिसलंच नाही. पुढच्या वेळी सुरुवातीपासून तेच करणार."

सरांनी कप खाली ठेवला. "गुण मला ऐकू येत होते. कसे झाले ते कळलं नाही. सांग बघू."

आजवर प्रत्येक सामन्यानंतर सर सांगत आणि ती ऐके. आज ती सांगू लागली. बिस्किटाचा पुडा जाळे झाला, दोन कप दोघी खेळाडू झाले. शेवटच्या गुणापाशी ती आली. चेंडू रेषेबाहेर कसा गेला, हे तिने बोटाने टेबलावर दाखवले.

सरांचा चेहरा पडला. तिने तो पाहिला, त्यांचा गार झालेला चहा त्यांच्यापुढे सरकवला, आणि तो गुण आपण कसा खेळायला हवा होता ते सांगत राहिली.