न झडणारं धुकं

एका राज्यात एक बाई खरं बोलत होती आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं. राजा ठेवत नव्हता, प्रधान ठेवत नव्हता, एवढंच काय, सख्खी नणंदसुद्धा ठेवत नव्हती. बाईचं नाव म्हाळसा. वय पंचेचाळीस, जीभ तिखट, बोटं मऊ. शिक्षण म्हणाल तर चार बुकं. पण दरीतलं धुकं कागदावर उतरवावं तर म्हाळसानंच, हे त्या राज्यातलं शेंबडं पोरही सांगायचं.

राज्याच्या मधोमध एक खोल दरी होती. दरीत रोज पहाटे धुकं भरायचं आणि सूर्य कासराभर वर आला की उठायचं. ते आपोआप उठत नव्हतं, त्याला रीत होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी राजाच्या चितारणीनं दरीच्या काठावर बसून मऊ रंगखडूंनी दरीचं चित्र काढायचं आणि ते राजवाड्याच्या देवडीत उघडं टांगायचं. वर काच नाही, कापड नाही. खडूचा रंग म्हणजे नुसती पूड. ती कागदाच्या खरबरीत अंगावर बसलेली असते, चिकटलेली नसते. वाऱ्यानं, दाराच्या धक्क्यानं ती रोज चिमूटभर झडे. जेवढी पूड देवडीत खाली पडे तेवढं धुकं दरीतून वर जाई. वर्ष सरता कागद कोरा होई, मग नवं चित्र. सात पिढ्या हे असंच चाललं होतं आणि कोणाला त्याचं नवल नव्हतं.

म्हाळसा खडू घरीच करायची. पांढरी माती, गेरू, पिवडीची पिवळी माती, नीळ, कोळसा, सगळं वस्त्रगाळ करायचं, डिंकाच्या पातळ पाण्यात मळायचं आणि वळ्या करून सावलीत वाळवायच्या. डिंक जास्त झाला तर खडू कागदाला ओरखडतो. कमी झाला तर हातातच विरतो. नखानं दाबला की भुगा व्हावा, असा तिचा खडू. आधी गडद रंग द्यायचे, मग फिके. जवळचं झाड काळं, लांबचा डोंगर नुसता निळसर श्वासासारखा. आणि सगळ्यात शेवटी करंगळीनं धुकं ओढायचं. चित्रावर फुंकर मारणारा माणूस तिला चोराहून वाईट वाटे.

त्या वर्षी चित्र टांगलं आणि दुसऱ्या दिवसापासून धुकं उठेना. नऊ महिने उठलं नाही. दरीकाठच्या बारा गावांत ऊन पडलं नाही. कणसात दाणा भरला नाही, धुणी वाळली नाहीत, माणसं खोकून खोकून वाकली. चित्र काढलं त्याच सकाळी राजपुत्र सुहोत्र एकटा पायी दरीत उतरला होता. त्याचाही पत्ता नव्हता.

म्हाळसाला देवडीत नेलं तेव्हा तिनं चित्राकडे एकदाच पाहिलं. रंग ओला दिसत होता. तिचा रंग कोरडा असतो, पावडर लावलेल्या गालासारखा. ती म्हणाली, यावर कोणीतरी पातळ लाख चढवलीय. पूड कोंडलीय, म्हणून धुकं कोंडलंय. प्रधानानं चित्रावर बोट फिरवलं, स्वच्छ बोट दरबाराला दाखवलं आणि सांगितलं की बाईनं खडूत डिंक जास्त घातला. वय झालं, हात चुकला, आता लाखेच्या गोष्टी सांगते. दरबार हसला. म्हाळसा म्हणाली, प्रधानजींना डिंक आणि लाख कळत नाही, मग राज्य कसं कळतं ते देव जाणे. त्यावर कोणी हसलं नाही.

निवाडा झाला. ज्या हातांनी दरी बांधली ते हात मनगटापासून उतरवले की दरी सुटेल. मुदत तीन आठवडी बाजारांची. तोवर तिनं काय ते करावं.

हात गेले तर म्हाळसाकडे उरत काय होतं? नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. तिचं सगळं माहेर आणि सासर त्या दहा बोटांत होतं.

ती रडत बसली नाही. लाख पळसावर होते आणि राज्यातलं पळसबन जांभळनाथाचं. जांभळनाथ मांत्रिक होता. राज्यात वासरू मेलं तरी लोक त्याच्या नावानं बोटं मोडायचे. म्हाळसा तडक त्याच्या झोपडीत गेली आणि म्हणाली, "लाख तुझी आहे."

"माझी आहे," जांभळनाथ म्हणाला. "चित्र राखायला हवी म्हणून कोणीतरी नेली. मला वाटलं, देवघरातलं चित्र असेल."

"कोणी नेली?"

त्यानं जीभ बाहेर काढून दाखवली. अर्धी जीभ दगडाची होती. नेणाऱ्यानं त्याच्याकडून नाव न सांगण्याची शपथ घेतली होती. एकदा नाव ओठावर आलं, तेव्हा अर्धी जीभ दगड झाली. पुन्हा आलं की उरलेली जाणार. उपाय मात्र त्यानं सांगितला. चित्र जाळलं तर दरी जळेल, खरवडलं तर डोंगर खरवडले जातील. लाख उतरायला तीन गोष्टी हव्यात. जिच्यापाशी कधी भांडण झालं नाही अशा चुलीची राख. धुकं जिथं मुळाशी अडलंय तिथला दवाचा एक थेंब. आणि तिसरी गोष्ट, ज्यानं लाख चढवली त्यानंच ती उतरवायची, आणि तीही राजीखुशीनं.

पहिल्या बाजारापर्यंत म्हाळसा राखेसाठी बारा गावं फिरली. बायका तिला बघून पदर तोंडाला लावून हसल्या. एकीनं सांगितलं, अशी चूल मिळाली तर आम्हालाही दाखव, तिची पूजा करू. एका गावात मुकी नवरा-बायको राहतात असं कळलं. म्हाळसा आशेनं गेली, तर तिथं भांडी उडत होती. शेवटी बाराव्या गावात एक नवी नवरी भेटली. तिची वेगळी चूल त्याच सकाळी मांडली होती. पहिली आमटी नुकती उतरली होती आणि सासू दारात उभी राहून आमटीच्या पातळपणाकडे बघत होती. सासूनं तोंड उघडायच्या आत म्हाळसानं चुलीतली मूठभर राख ओढून घेतली. ती उंबऱ्याबाहेर पडली आणि मागं भांडण सुरू झालं.

दुसऱ्या बाजाराआधी ती दरीत उतरली. बरोबर खडूंची पेटी आणि खोबऱ्याची एक रिकामी वाटी. धुक्यात इतरांना वाट दिसत नव्हती, तिला दिसण्याची गरज नव्हती. ती दरी तिच्या हाताखालून गेली होती. इथं शिळा, इथं आंब्याचं खोड, इथं ओढ्याची रेघ. पण चित्र काढताना धुकं दाट दाखवायला तिनं काही जागी कागद कोराच सोडला होता आणि तिथं पाय ठेवायला जमीन नव्हती. खाली पांढरं, वर पांढरं. म्हाळसानं मांडी घातली, काळा खडू काढला आणि पुढच्या पोकळीवर जमीन काढायला लागली. आधी गडद, मग गेरू, मग वर पिवडीचा हात. करंगळीनं घोटून झाली की उठायचं, एक पाऊल टाकायचं आणि पुन्हा बसायचं. असं दिवसभर. पेटीतले निम्मे खडू संपले तेव्हा ती वळणाशी पोचली.

वळणावर तिनं चित्रात पिवडीचा एक ठिपका दिला होता. त्या सकाळी कोणाचा तरी फेटा खाली उतरताना दिसला होता, एवढंच. तो ठिपका आता तिच्यासमोर उभा होता. राजपुत्र सुहोत्र. उजवा पाय उचललेला आणि तो उचललेलाच.

"मावशी," तो म्हणाला, "पाय पुढं पडत नाही. किती वेळ झाला असेल?"

"नऊ महिने, बाळा."

त्यानं थोडा विचार केला. मग सांगितलं की डोंगरापलीकडे समुद्र आहे म्हणतात, तो बघायला निघालो होतो. परत कधी येईन ते सांगता येत नव्हतं. म्हणून आई म्हणाली, निदान वळणापर्यंत दिसत राहा. "ती गच्चीवर उभी असेल," तो म्हणाला. "तिला सांगाल का, मी वळणापाशीच आहे?"

 लाख कोणाच्या हातची ते म्हाळसाला कळलं. उचललेल्या जोड्याच्या टोकाला दवाचा एक थेंब नऊ महिने लटकला होता. तिनं तो वाटीत घेतला. मग त्याच्या फेट्याची घसरलेली घडी नीट केली आणि वर चढायला लागली. चढताना तिला इतका राग आला होता की परतीच्या वाटेवर तिला एकदाही दम लागला नाही.

राणी रोज दुपारी देवडीत चित्रासमोर बसायची. लोकांना वाटे, मुलासाठी नवस बोलते आहे. तिसरा बाजार दोन दिवसांवर आला तेव्हा म्हाळसा तिथं गेली. तिनं राणीसमोर राख आणि दव एका ताटलीत कालवलं.

"राणीसाहेब, परवा माझे हात उतरवणार आहेत."

"ठाऊक आहे मला."

"आणि तुम्ही गप्प."

राणीनं नाही म्हटलं नाही. खाली बघून म्हणाली, "तो एकदा पलीकडे गेला की माझा राहणार नाही, म्हाळसा. इथं निदान रोज दिसतो."

"दिसतो तो माझा पिवडीचा ठिपका. तुमचा मुलगा तिकडे एका पायावर उभा आहे. तुम्ही एक घटकाभर उभ्या राहून बघा."

राणी उठली. जरीचं लुगडं सावरून तिनं उजवा पाय उचलला आणि तशीच उभी राहिली. देवडीतले पहारेकरी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. थोड्या वेळानं तिची पोटरी थरथरायला लागली, ओठ पांढरे पडले, तरी तिनं कशाचा आधार घेतला नाही. म्हाळसाच्या मनातला राग त्या थरथरीबरोबर थोडा थोडा गळत गेला. तिलाही वाटलं, आपलं पोर असतं तर आपण काय केलं असतं? कदाचित लाख दोनदा चढवली असती.

राणीनं पाय खाली ठेवला. "कसं पुसायचं ते सांग."

"ही राख करंगळीला लावून. दाबायचं नाही. आणि रडायचं असेल तर तोंड फिरवून रडा, पाण्याचा थेंब पडला तर डाग धरेल."

राणीनं आकाशापासून सुरुवात केली. मग लांबचे डोंगर, मग झाडं, मग ओढा. जिथं करंगळी फिरे तिथला ओलेपणा जाऊन रंग पुन्हा पिठासारखा मऊ होई. वळण मात्र तिनं शेवटी ठेवलं. पिवडीच्या ठिपक्याशी येऊन तिचं बोट बराच वेळ थांबलं. म्हाळसानं घाई केली नाही. एरवी ती कोणाला दोन शब्द सुनावल्याशिवाय राहायची नाही, पण तेव्हा तिनं जीभ दातांखाली धरली.

मग राणीनं ठिपक्यावरून बोट फिरवलं. म्हाळसानं चित्राच्या फळीला मागून एक टिचकी मारली. नऊ महिन्यांची पूड एकदम खाली आली आणि दरीतलं धुकं एकदम वर गेलं.

दोघी गच्चीवर धावल्या. दरी लख्ख झाली होती. वळणावर सुहोत्राचा पाय जमिनीला टेकला. तो मागं वळला, हात वर केला आणि डोंगराची धार ओलांडून समुद्राकडे निघून गेला. बारा गावांत बायकांनी ओली धुणी बाहेर आणली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. राजानं म्हाळसाला हात परत केले, म्हणजे घेतलेच नव्हते ते परत केले, आणि विचारलं, गुन्हेगार कोण? म्हाळसा म्हणाली, नाव मला माहीत आहे, पण ते माझ्या तोंडून निघणार नाही. ज्याचं आहे त्यानं सांगावं. तेव्हा प्रधान पुढं झाला. लाख जांभळनाथाची, तो मांत्रिक, त्याच्या नावाची दवंडी पिटावी म्हणजे झालं. सगळ्या दरबाराला ते पटलं. जांभळनाथाला दोरखंडाच्या काढण्या लावून आणलं होतं. तो अर्ध्या जिभेनं गप्प उभा होता.

"महाराज," म्हाळसा म्हणाली, "तो नव्हे. खोटं नाव अंगावर घेऊन नऊ महिने जगले मी. लोक माझ्या विहिरीचं पाणी पीत नव्हते. ते जिणं मी त्याच्या अंगावर पडू देणार नाही. त्याची दवंडी पिटायची असेल तर आधी माझे हात उतरवा आणि मग पिटा."

राजानं तिला नाव सांगायला फर्मावलं. तिनं नकाराची मान हलवली. दुसऱ्यांदा फर्मावलं, तिसऱ्यांदा फर्मावलं. प्रधान म्हणाला, ही बाई पहिल्यापासून खोटारडी.

त्यावर पडदा हलला. राणी बाहेर आली, सिंहासनासमोरून चालत गेली आणि दवंडीवाल्याजवळ थांबली. राण्यांचं नाव चारचौघांत घ्यायची त्या राज्यात चाल नव्हती, म्हणून तिनं ते त्याच्या कानात सांगितलं. दवंडीवाल्याच्या हातून हलगीचं टिपरू गळून पडलं. राणीनं ते उचलून त्याच्या हातात दिलं.

"चारही वेशींवर," ती म्हणाली. "आणि मोठ्यानं."

राजा बसल्या जागी म्हातारा झाला, पण त्यानं तिला अडवलं नाही. शपथ घालणारीनंच ती सोडली, म्हणून जांभळनाथाची जीभ मांसाची झाली. त्याच्या काढण्या सुटल्या. म्हाळसाच्या नणंदेनं त्याच दिवशी पुरणपोळ्या धाडल्या, निरोप मात्र धाडला नाही. म्हाळसानं पोळ्या खाल्ल्या.

आणि ऊन उतरायच्या आत पहिल्या वेशीवर हलगी वाजली. लोक दारात आले. दवंडीवाल्यानं घसा साफ केला आणि सांगितलं की ऐका हो ऐका, दरीचं धुकं अडवलं ते चितारणीनं नव्हे, पळसबनातल्या नाथानं नव्हे. ज्या हातानं अडवलं त्याच हातानं सोडवलं, आणि त्याचा सगळा दोष जिनं स्वतःच्या माथी घेतला तिचं नाव, राणी वेणुमती.