तिमव्वाचा भराव

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते सांगणारा आता कुणी उरला नाही. करंजाळ गाव तेव्हा नदीकाठी होतं. एका पुरात ते भांड्याकुंड्यांसकट वाहून गेलं. माणसं तेवढी माळावर चढली आणि म्हणाली, आता पुन्हा खाली उतरणं नाही.

पण माळ होता उतरता. वरच्या अंगाची माती कापायची आणि खालच्या अंगाला भरायची, तेव्हा कुठं घरांपुरती सपाटी मिळणार. म्हणून पाटलांनी तिमव्वा वडारणीला बोलावलं. गाढवं, टिकाव आणि दहा माणसं घेऊन ती आली. टाच आपटली की जमीन किती खोलवर कच्ची आहे ते तिला कळायचं, असं म्हणतात.

कापणं झालं झपाट्यानं. भरावाचं मात्र तसं नसतं. वीतभर थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसाच्या जड ठोकळ्यानं ठोकून ठोकून बसवायचा, मगच पुढचा थर. दहा माणसांना ते दोन वर्षं पुरलं असतं आणि मृग तर तीन महिन्यांवर आलेला. कच्च्या भरावावर घरं बांधली तर पहिल्याच पावसात भिंती लेकराबाळांच्या अंगावर येतील, हे तिमव्वाला दिसत होतं.

गावाला हाक मारावी, तर गावाचं भलतंच. ज्यानं त्यानं मनात वरची टणक जागा धरलेली! "भराव खालच्यांचा, खालच्यांनीच ठोकावा," असं सगळे म्हणत. आणि खालचे कोण, म्हणाल तर कुणीच नाही.

एके सकाळी तिमव्वानं आखणीच्या सगळ्या खुंट्या उपटल्या. पाटील धावत आले.

"अगं तिमव्वा, माझ्या जागेच्या खुंट्या कुठायत?"

"चुलीत घातल्या, पाटील."

"मग माझं घर कुठलं?"

"आखणी माझ्या डोस्क्यात हाय. भराव बसला की चिठ्ठ्या टाकू. तवर ठोकत ऱ्हावा!"

झालं! न जाणो, हाच तुकडा आपल्या वाट्याला आला तर? सगळं गाव भरावावर लोटलं. धुम्मस मिळालं नाही त्यांनी मुसळं आणली, मुसळं संपली तेव्हा बायकांनी फुगड्या घातल्या. खुद्द पाटील धोतर खोचून नाचले. जमीन अशी बसली की हातातून सुटलेलं एक मुसळ उसळून शेजारच्या गावात पडलं, असं म्हणतात. आपण काही बघायला नव्हतो.

चिठ्ठ्या निघाल्या. पाटलांची निघाली अगदी खालच्या टोकाची. सगळं गाव त्यांच्यामागं तिथवर गेलं. पाटलांनी त्या जागी कचकन टाच आपटली, कळवळले, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसले.

घरं उभी राहिली आणि मृग लागला. एकवीस दिवस पाऊस थांबला नाही. तिमव्वा भिजत घरोघर फिरे, भिंतींवरून हात फिरवी. केसाएवढीही चीर कुठं गेली नाही. बाविसाव्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा ती भर चौकात आनंदानं रडली आणि गाढवं हाकत पुढच्या कामाला निघून गेली.

आजही करंजाळात नवे प्लॉट पडले की आधी रोलर फिरतो, इंजिनीअर मापं घेतो आणि मग अख्खी आळी भरावावर फुगड्या घालायला येते. याला तिमव्वाचं ठोकणं म्हणतात. येणारा प्रत्येक जण विचारतो, "घर कुणाचं?" आणि खरेदीखत खिशात असलं तरी मालकानं एवढंच म्हणायचं असतं, "तुमचंच म्हणा की!"