गडाच्या अडसराची शपथ

फार जुन्या काळी शिंगाड गडाच्या दरवाजाला एक सागवानी अडसर होता. राजा लढाईला निघाला तेव्हा अडसराने शपथ घेतली, "महाराज, दाराच्या भोकातून तुमचा उजवा हात मला लागेल, तेव्हाच मी सरकेन."

महिन्याभराने राजा एकटाच परतला. लढाईत त्याचा उजवा हात मनगटापासून तुटला होता.

"अरे, मीच आलोय! सरक लवकर, शत्रू पाठीवर आहे!"

"आवाज ओळखला, महाराज. पण शपथ उजव्या हाताची आहे."

आतून पहारेकऱ्यांनी जीव खाऊन ओढलं. अडसर रडला, पण हलला नाही. राजा दारातच मारला गेला.

मग शत्रूच्या सरदाराने पिशवीतून राजाचा तुटलेला हात काढला आणि भोकातून आत घातला.

अडसर मुकाट्याने सरकला.