मनगटातलं घरटं

जयंतीचा हार घालायला नगराध्यक्ष विठोजीराव शिडीवर चढले आणि थबकले. शाळा काढणाऱ्या तात्या गुरुजींच्या पितळी पुतळ्याचा पुस्तक धरलेला हात मनगटापासून गायब होता.

ते वरूनच गरजले, "कालच कुणीतरी डाव साधलाय. उद्यापासून इथं लोखंडी पिंजरा आणि दोन पहारेकरी."

चौक झाडणारी चंद्रभागा खालून वर बघत म्हणाली, "साहेब, कालचं नाही हे. त्या पोकळ मनगटात चिमणीचं रिकामं घरटं दिसतंय, पिल्लंसुद्धा उडून गेलीत. पहारेकरी ठेवा, पण त्यांना वर बघायला सांगा."

हार विठोजीरावांच्या हातातच राहिला. चंद्रभागेनंही मान खाली घातली. घरट्यातून पडलेल्या काड्या उन्हाळाभर तिनंच झाडल्या होत्या, एकदाही वर न बघता.