पहिलीच्या वहीतली भिंत

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. हवं तर शपथ घेतो. माझ्या डोळ्यांदेखत घडली. डोळ्यांदेखत म्हणजे, त्या वेळी मी त्या गावात नव्हतो. पण ज्याने मला सांगितली तो माणूस कधी खोटं बोलत नाही. एकदाच बोलला होता, आणि तेही नेमकं याच गोष्टीबद्दल. तेव्हा तुम्ही जरा जपून ऐका. मीही जपूनच सांगतो.

एकदा एक वृद्ध गृहस्थ एका लहानशा शहरात राहत असत. सगळे त्यांना तात्या म्हणत. दर रविवारी दुपारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत तीन माणसं जमत आणि चौघं मिळून एका भुयारात उतरत. भुयार खरं कुठेच नव्हतं, तात्यांच्या डोक्यात होतं. तात्या शब्दांनी सांगत, समोर ओला जिना आहे, डावीकडे लोखंडी दार आहे. ऐकणारे आपापल्या सोंगाच्या वतीने उत्तर देत, मी दार ढकलतो, मी दिवा वर धरते. जमलं की फसलं, ते फासे ठरवीत.

सुलभाताई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. भुयारात त्या तिरंदाज होत्या. रहीमभाई चौकात कपडे शिवत. भुयारात ते चोर होते, आणि जन्मभर इमानदारीने कापड कापल्यावर एवढा हक्क तर आपला बनतो, असं म्हणत. तिसरा तात्यांचा शिष्य. पुढेमागे तात्यांच्या जागी बसून त्याला भुयारं सांगायची होती. म्हणून तात्यांनी त्याच्याकडे नकाशाचं काम सोपवलं होतं.

या खेळात नकाशे दोन असतात. एक सांगणाऱ्याचा, तो उभ्या केलेल्या फाईलच्या आड झाकलेला. दुसरा ऐकणाऱ्याचा, कानाने ऐकून हाताने काढलेला. त्याच्याच भरवशावर सगळे अंधारात चालतात. तात्यांकडे दोन्ही नकाशे एकाच प्रकारच्या कागदावर निघत. पहिलीतली मुलं ज्यात आकडे गिरवतात ती चौकटींची वही. दुकानातली सर्वांत स्वस्त. कागद इतका पातळ, की पेन्सिलीने जरा दाबलं तर मागच्या पानावर भिंत उमटते. एक चौकोन म्हणजे एक घर, आणि एक घर म्हणजे भुयारातले पाच हात.

सुरुवातीचे दोन-तीन रविवार सुरळीत गेले. मग शिष्याच्या कानाने एक गोष्ट टिपली.

तात्या सांगत, "सात घरं सरळ गेलात की दार." शिष्य मोजून रेघ ओढी, कागद सगळ्यांपुढे धरी आणि विचारी, "म्हणजे दार इथे, बरोबर?" तात्या चष्म्यातून नीट पाहत आणि म्हणत, "बरोबर." आणि त्यानंतर फाईलच्या आडून आवाज येई. खस, खस, खस. मग हलकीशी फुंकर.

एकदा झालं तर माणूस विसरतो. पण हे दर रविवारी होई, आणि दर वेळी शिष्याने मोजून दाखवल्यानंतरच होई. तो घरी जाऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत फुल्या मारू लागला. फुल्या एकेचाळीस झाल्या. तात्यांच्या डाव्या बाहीवर रबराचा चुरा असे, तोही त्याला दिसू लागला. एकदा संशयाने पाहायला सुरुवात केली, की बाह्यासुद्धा बोलतात.

त्या शहरात कागदाचा एक व्यापारी होता. शिष्य वही आणायला गेला, तेव्हा व्यापाऱ्याने गल्ल्यावरून मान वर केली.

"पुन्हा पहिलीची वही? घरात कोणी पहिलीत आहे का?"

"नाही. आमच्या तात्यांना नकाशे काढायला लागते."

"माझ्याकडे जाड कागद आहे, मेण लावलेला. शंभर वर्षं हलणार नाही. तो का नाही घेत ते?"

"त्यांना हाच आवडतो."

"आवडणारच." व्यापारी सावकाश म्हणाला. "जाड कागदावर माणूस विचार करून रेघ ओढतो, कारण ती मागे घेता येत नाही. पातळ कागद कोणाला लागतो? ज्याला आजची रेघ उद्या नको असते. मी काही म्हणत नाही हो. तुमचे गुरू आहेत. तुम्ही बघा."

शिष्याने वही घेतली. घरी येईपर्यंत ती हातात जड झाली होती.

आणि त्याच्या पुढच्याच रविवारी ते घडलं.

भुयाराला लांब फेरा मारून मंडळी पहिल्या दालनाशी परत आली होती. मागे कुठेतरी बांध फुटला होता आणि पाणी चढत होतं. चोर आणि नकाशेवाला वरच्या पायऱ्यांवर सुरक्षित होते. दार उघडायला तिरंदाज पुढे गेली. ही तिरंदाज सुलभाताईंनी सहा वर्षं सांभाळली होती. तिच्या भात्यातले बाण त्यांना आपल्या डब्यांतल्या डाळींसारखे पाठ होते.

"नकाशात काय आहे?" ताईंनी विचारलं.

"तीन घरं सरळ, मग उजव्या हाताला दार," शिष्य म्हणाला. "याच दारातून आपण आत आलो होतो."

"मी तीन घरं जाते आणि उजवीकडे हात लावते."

तात्या फाईलच्या आड वाकून कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हाताला दगड लागतो. भिंत आहे."

"शोधते."

फासे पडले. वाईट पडले. पुन्हा पडले, पुन्हा वाईट. पाणी कमरेला आलं, मग गळ्याला. तात्यांनी तिरंदाज बुडाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

सुलभाताईंनी तिरंदाजाची सगळी नोंद असलेला कागद चौपदरी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला. "चला, मला भाजी घ्यायची आहे," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. भाजीबाजार सोमवारी भरत असे.

शिष्य उठला नाही.

"तात्या, दार तिथे होतं."

"नव्हतं."

"माझ्या नकाशात आहे."

"तुझ्या नकाशात आहे, हे मला ठाऊक आहे."

"तुम्ही खोडता. सहा महिने ऐकतोय मी. मी रेघ ओढली, की तुम्ही तिकडे भिंत सरकवता. आज आमचा जीव जाईल अशी सरकवलीत. तो कागद पाकिटात बंद करा, आत्ता, रहीमभाईंसमोर. पुढच्या रविवारी सगळ्यांदेखत उघडू. भिंत हललेली निघाली, तर मी या खोलीत पाय ठेवणार नाही. ताई येणार नाहीत. रहीमभाईही नाहीत."

"माझं मी बघेन ना रे," रहीमभाई म्हणाले, पण त्यांनीही तात्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

एकट्याला भुयारात उतरता येत नाही. तात्यांचे आठवड्यातले बाकीचे सहा दिवस रविवारची वाट पाहण्यात जात, हे तिघांनाही माहीत होतं. तरीही तात्या चिडले नाहीत. लग्नपत्रिकेचं जुनं पाकीट काढून त्यांनी त्यात कागद सरकवला. मग खिशातून झिजलेला खोडरबर काढून तोही त्यात टाकला, आणि पाकीट डिंकाने चिकटवून शिष्याच्या हाती दिलं.

"हा कशाला?" शिष्याने विचारलं.

"तू पहिला प्रश्न हाच विचारणार, की खोडलं का. त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवतो. खोडलं."

शिष्याने पाकीट व्यापाऱ्याकडे ठेवायला दिलं. व्यापाऱ्याने ते उजेडासमोर धरून पाहिलं आणि नुसतं "हं" म्हटलं. त्या हुंकारावर शिष्याचे आठ दिवस गेले. आता तर कबुलीही मिळाली होती, आणि कबुली इतकी सहज मिळाल्यामुळे त्याचा संशय आणखीच वाढला होता.

रविवारी रहीमभाई सुलभाताईंना घरून घेऊन आले.

"मेलेल्या माणसाला कशाला बोलावलंत?" ताई बसता बसता म्हणाल्या.

शिष्याने पाकीट फाडलं. कागदाला जागोजागी लव आली होती. खोडलेल्या रेघा गेल्या होत्या, पण पेन्सिलीची खाच पातळ कागदात तशीच होती. तिरपं धरलं की जुनी भिंत दिसे.

"हे पाहा," तो म्हणाला. "इथे सरकवली. इथे. इथेही." त्याने आपला नकाशा शेजारी ठेवला, फरक दाखवायला. बोट एका नकाशावरून दुसऱ्यावर गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. मग ते हळू झालं.

तात्यांच्या कागदावरची प्रत्येक नवी भिंत शिष्याच्या नकाशाशी तंतोतंत जुळत होती. आणि खोडलेली प्रत्येक भिंत बरोबर एका घराने पुढे होती.

शेवटी सुलभाताईंनी विचारलं, "तू उभा असतोस ते घरही मोजतोस का रे?"

"म्हणजे?"

"नाडी मोजताना पहिला ठोका शून्य धरतात. नव्या पोरी त्यालाच एक म्हणतात. तू एकापासून सुरू करतोस. सात घरं जायचं असतं तिथे सहाच जातोस."

शिष्याने तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी फाईल बाजूला केली. आज तिच्यामागे काही नव्हतंच.

"माझा नकाशा मला एकट्यालाच दिसत होता," ते म्हणाले. "तुझ्या नकाशावर तीन माणसं चालत होती. दोन्हींत फरक पडला, की कोणाची भिंत हलवायची, याचा मला कधी फार विचार करावा लागला नाही. जाड, महागाचा कागद असता, तर करावा लागला असता. चांगल्या कागदावर काढलेलं माणसाला मोडवत नाही, मग तो दुसऱ्याला भिंतीवर आपटू देतो. म्हणून मी ही वही घेतो. तू जिथे दार काढलंस, तिथे मी दार नेलं. पण त्या दिवशी आपण फिरून पहिल्याच दालनाशी आलो. जाताना वाट तू एका दमात मोजली होतीस, एक घर कमी पडलं. येताना दोन टप्प्यांत मोजलीस, दोन कमी पडली. ते दालन सगळ्यांनी पाहिलेलं, हात लावलेलं. ते मला हलवता येईना."

मग त्यांनी पाकिटातला खोडरबर उचलला.

"तुझी चूक एका घराची आहे. माझी सहा महिन्यांची. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, की बाळा, तू एक घर खातोस. तुला वाईट वाटेल म्हणून मी आडोशाला बसून खोडत राहिलो. चांगुलपणा होता, पण लपवलेला होता. लपवलेलं ऐकू आलं की चोरीसारखंच ऐकू येतं. तुझ्या कानाचा त्यात दोष नाही."

शिष्याने दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले आणि ताईंकडे वळला.

"ताई, दार एक घर पुढे होतं."

"हो का."

"तुमची तिरंदाज माझ्यामुळे गेली."

सुलभाताईंनी चष्म्याची डबी उघडली, चष्मा लावला, घडी केलेला कागद आतच राहू दिला. "नवीन सोंग घेते," त्या म्हणाल्या. "या वेळी पोहणारं."

तात्यांनी वहीचं कोरं पान फाडून शिष्यापुढे सरकवलं आणि सांगायला सुरुवात केली, की जिना संपतो, समोर बोळ आहे, पाच घरांवर कमान. शिष्याने पेन्सिल टेकवली आणि थांबला.

"तात्या, माझं घर धरून की सोडून?"

"सोडून," तात्या म्हणाले. त्या दिवशी पाच म्हणजे पाच निघाली.

आता यातलं खोटं काय ते सांगतो, कारण शपथ घेऊन बसलोय. व्यापारी खोटा आहे. त्या शहरात मेण लावलेला कागद विकणारं दुकान कधीच नव्हतं. पहिलीच्या वह्या कोपऱ्यावरच्या एका बाई विकत, आणि त्या वही देताना मान वर करून पाहतसुद्धा नसत. पाकीट आठ दिवस शिष्याच्याच कपाटात होतं. व्यापाऱ्याच्या तोंडची ती शहाणी वाक्यं त्याची त्यानेच जुळवली होती, अंघोळ करताना, सायकलवरून जाताना. मी मधे एक व्यापारी उभा केला. संशय बाहेरून कोणीतरी आणून दिला, असं म्हटलं, की सांगणाऱ्याला जरा बरं वाटतं. बाकी सगळं घडलं तसंच आहे.