आईची खोली

टक्… टक्… टक्…

"हा आवाज कशाचा, मिस्त्री? आठवतं का?" पलंगाच्या लोखंडी दांडीवर नख वाजवत नत्थू शाह फकिरांनी विचारलं.

हेमराज भारंबेला आठवलं. त्याच्या लहानपणी याच जागेवर पत्र्याचं घर होतं. ऊन उतरलं की पत्रा असा वाजायचा, आणि आई म्हणायची, "निवलं घर. या रे, जेवून घ्या."

"पत्र्याचा," तो म्हणाला. "पण बाबा, मी तुम्हाला वेगळ्याच कामासाठी थांबवलंय."

खानदेशातली मे महिन्यातली दुपार होती. दर गुरुवारी फकीरबाबा हातात धुपाटणं घेऊन गल्लीतून फिरायचे, घराघरांत लोबानचा धूर द्यायचे. आज हेमराजने त्यांना आईच्या खोलीत बसवून घेतलं होतं.

आई, द्वारकाबाई, पलंगावर डोळे मिटून पडली होती. मागच्या आठवड्यात तिला उन्हाचा झटका बसला, तोही घरात. विजेचं बिल तिने पाहिलं आणि तेव्हापासून हेमराज कामावर गेला की ती गुपचूप एसी बंद करायची. त्या दिवशी तो संध्याकाळी आला, तर ती फरशीवर पडलेली.

"तुमचं ती ऐकते, बाबा. सांगा तिला, बटन बंद करायचं नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर…"

"मला ऐकू येतं हं," द्वारकाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "आणि म्हाताऱ्या हाडांना गार करायला एवढं बिल? शोभतं का?"

बाबा हसले. "यंत्र कसं आहे, मिस्त्री?"

"एक नंबर! मी स्वतः बसवलंय. सगळ्या तालुक्याला मीच बसवून देतो."

"मग खोली गार का होत नाही?"

"बाहेर आग ओकतंय, बाबा. यंत्र तरी काय करील?"

बाबांनी निखाऱ्यांवर चिमूटभर लोबान टाकला. धूर वर चढला. ते सावकाश उठले आणि धुपाटणं दाराच्या उंबऱ्याशी नेलं.

धूर वाकला, आणि दाराखालच्या फटीतून सरसर बाहेर निघून गेला.

"तेवढी फट असतेच," हेमराज म्हणाला.

एसीची नळी भिंतीतून बाहेर गेली होती, तिथे बाबांनी धुपाटणं उंच धरलं.

धूर उलटा फिरला आणि थेट हेमराजच्या डोळ्यांत गेला.

डोळे पुसत त्याने वर पाहिलं. नळीभोवती दोन बोटांचं भोक तसंच उघडं होतं. त्यातून बाहेरची झळ आत येत होती. ते भोक त्यानेच पाडलं होतं. उन्हाळ्यात दिवसाला पाच-पाच घरी यंत्रं बसवायची असायची. भोक बुजवायला थांबणार कोण?

"वर कोण राहतं?" बाबांनी छताकडे बोट केलं.

"कोणी नाही. गच्ची आहे."

"ऊन राहतं. दिवसभर वर, रात्रभर खाली. पत्रा निवला की बोलायचा तरी. तुझा स्लॅब बोलत नाही."

"वीस वर्षं मी हेच काम करतोय, बाबा."

"दुपारी तीन वाजता या खोलीत कधी बसलास?"

"त्याला सवड कुठे असते, बाबा!" द्वारकाबाईच मुलाच्या मदतीला धावून आल्या.

दुसऱ्या दिवशी हेमराज कामावर गेला नाही. त्याने भोक बुजवलं. दाराखाली रबराची पट्टी ठोकली. गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले. पश्चिमेच्या भिंतीला सावलीसाठी तुरीच्या काड्यांचा तट्टा उभा केला. आणि तीन वाजता आईच्या पायथ्याशी येऊन बसला. आता यंत्र थोडा वेळ चालायचं, खोली गार झाली की आपलं आपणच विसावायचं.

महिन्याने बिल आलं. द्वारकाबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. निम्म्याच्या जवळ आलं होतं.

"लाव रे एसी," त्या म्हणाल्या. "आता परवडतंय."

हेमराज तसाच उठून गावाबाहेरच्या तकियात, बाबांच्या मुक्कामी गेला. फकीरबाबा कडुलिंबाखाली बसले होते. त्याने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ त्याला ते उचलता आलं नाही.

"माझी आई वाचली, बाबा."

बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "उठ. पाणी पी."

"तुमच्या खोलीत एक एसी बसवून देतो. नवा. नाही म्हणू नका."

"अरे, हा लिंब रागावेल माझ्यावर." बाबा वर फांद्यांकडे बघून हसले. "मला एवढंच सांग. आजवर किती बसवलेस?"

"तीन हजारांच्या वर असतील."

"भोकं बुजवलीस?"

लिंबाची पानं हलत होती.

"त्यांतल्या किती घरांत आया आहेत?" बाबांनी विचारलं.

हेमराज उठला, चपला पायांत सरकवल्या, आणि गावाच्या पहिल्या गल्लीकडे चालू लागला.