नव्या डिस्कची जागा

लोक अजूनही तेल लावून, केस विंचरून फोटोला बसत, तेव्हाची गोष्ट. तांबटकाकांच्या स्टुडिओत एक म्हातारा सर्व्हर होता. त्याच्या सगळ्या जागा जुन्या हार्डडिस्कनी भरलेल्या, आणि त्यांच्यात गावाचे फोटो.

एक दिवस नवी डिस्क आली. बसायला जागाच नव्हती.

"त्या खरखरणाऱ्या थोरल्या डिस्कला काढा की!" ती म्हणाली.

"तिच्यात गेलेली माणसं आहेत," सर्व्हर म्हणाला. "तिला काढलं तर ती पुन्हा जातील."

नवा सर्व्हर काकांना परवडणारा नव्हता. त्यांनी जुन्या बाजारातून, आणखी डिस्क जोडता येतील असं एक वापरलेलं कार्ड आणून सर्व्हरमध्ये खोचलं.

नवीने नाक मुरडलं. "या भंगाराला जोडून घेऊ मी?"

"माझा सर्व्हर मोडीत गेला, बाई," कार्ड म्हणालं. "पण दुसऱ्याला जागा करून देणं मला अजून जमतं."

ती जोडली गेली. मग थोरली खरखरत एकेक फोटो तिच्या हवाली करू लागली. रंगवलेल्या तळ्याच्या पडद्यापुढे अवघडून बसलेलं जोडपं, दात पडलेली पोरं, फेटा सावरणारे आजोबा.

शेवटचा फोटो दिला आणि थोरली कायमची थांबली.

काकांनी झाडायला सर्व्हरचं टेबल ओढलं, तशी नवी डिस्क कळवळली, "हळू हो काका! आत माणसं आहेत."